पाइप दाखवण्याचा कार्यक्रम

सातेरीच्या चार मधमाश्या आमच्या किचन चिमणीचा बाहेरचा पाइप बघून गेल्या आणि माझी कॉलर ताठ झाली. बंगळुरूत घरमालक भाडेकरूकडून दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घेत आलेत. आमच्याकडे निदान कुणी बघायला तरी आलं!

"जाळी बसव आधी," बायको म्हणाली. तिचं बरोबरच होतं. दोन-अडीच मिलिमीटर भोकांची तारेची जाळी हेरमाश्या येताहेत तोवरच बसवायची. आत पोळी लागल्यावर तोंड बंद केलं, तर पिल्लं कुजतात, मुंग्या येतात आणि मध फोडणीत गळतो. जाळीवर तेलाचा थर बसतो, तो मात्र वरचेवर धुवावा लागतो.

मी म्हटलं, "बसवू. आधी लिंडाउअर ऐक." १९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या मधमाशी-अभ्यासकाला एक लोंबणारा थवा दिसला. त्यावर नाचणाऱ्या माश्या मळलेल्या होत्या, कुणी काजळीने काळी, कुणी विटेच्या धुळीने लाल. युद्धाने पाडलेल्या त्या शहरातली धुराडी अन् ढिगारे धुंडाळून त्या आल्या होत्या, आणि आपापल्या जागेची शिफारस नाचून करत होत्या! बाकीच्या हेरमाश्या स्वतः जाऊन जागा तपासतात, परत येऊन नाचतात. होता होता सगळ्या एकाच जागेसाठी नाचू लागतात, मग थवा उठतो. आमच्या असोसिएशनच्या सभेतही नाचणारे पुष्कळ आहेत, जागा पाहून येणारा एक नाही.

इथल्या जीकेव्हीके आवारातल्या कृषी विद्यापीठात मधमाशीपालनाचा स्वतंत्र विभाग आहे. तरी माशी दिसली की असोसिएशनच्या ग्रुपवर पहिला नंबर येतो तो फवारणीवाल्याचा. रस्ते रुंद करताना जुनी झाडं गेली, त्यांच्याबरोबर सातेरीच्या ढोली गेल्या. तिचं घर आपण पाडायचं, ती पाइपाशी आली की घुसखोर तिलाच म्हणायचं, आणि सकाळी कोमट पाण्यात मध पिऊन निसर्गाच्या जवळ जायचं. संताप येतो.

तरीही जाळी मी लांबवली. 'पाइप पुसायचाय' हे निमित्त. खरं म्हणजे मला निकाल हवा होता.

निकाल लागला. थवा समोरच्या ब्लॉकच्या मीटरपेटीत गेला. मीटरपेटीत!

मी मुकाट्याने जाळी ठोकायला घेतली.

"तुला काय माश्या पाळायच्या होत्या?" बायकोने स्टूल धरत विचारलं.

"छे! नकार आपणच देणार होतो. पण त्यांचा होकार तर यायला हवा होता!"