'निरंक'बद्दल हार्दिक अभिनंदन

प्रति,
मा. समन्वयक, समान संधी कक्ष,
उच्च शिक्षणातील कोणतीही संस्था

स. न. वि. वि.

यंदाच्या वार्षिक अहवालातही जातीय भेदभावाच्या तक्रारींपुढे आपण 'निरंक' लिहिलेत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. महाडच्या तळ्यापासून काळाराम मंदिराच्या दारापर्यंत माणसांनी डोकी फोडून घेत जो प्रश्न लढवला, तो आपण एक पाटी, एप्रिलमधले एक व्याख्यान आणि संवेदनशीलता कार्यशाळेतला चहा-समोसा एवढ्या भांडवलावर निकालात काढलात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012च्या समता विनियमांनी प्रत्येक संस्थेत आपल्यासारखा कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले होते. तो आहे. कागदावर तर नक्कीच आहे.

पण हे 'निरंक' जरा तपासून पाहू. आयोगानेच सादर केलेल्या माहितीनुसार 704 विद्यापीठे आणि 1,553 महाविद्यालये मिळून 2019-20मध्ये 173 तक्रारी आल्या, 2023-24मध्ये 378. ही वाढ पाहून काहींना घाम फुटला. साधा भागाकार केला, तर सर्वाधिक तक्रारींच्या त्या वर्षीही सहा संस्थांमागे जेमतेम एक तक्रार पडते. ज्या देशात आडनाव विचारल्याशिवाय भाड्याने खोली मिळत नाही, तिथे सहापैकी पाच संस्थांच्या आवारात जात शिरतच नाही, यावर विश्वास ठेवायचा, की तक्रार घेऊन कुणी आपल्या दारापर्यंत येत नाही यावर? आणि यावे तरी कशाला? हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने डिसेंबर 2015मध्ये कुलगुरूंना पत्र लिहिले होते. तेही उपरोधिक होते, या पत्राहून कितीतरी धारदार. महिनाभरात, 17 जानेवारी 2016ला, तो गेला. त्यानंतर यंत्रणेने सर्वांत मन लावून शोध घेतला तो त्याची जात नेमकी कोणती याचा. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी 22 मे 2019ला गेली. होणारा छळ आधीच रुग्णालयाच्या कानावर घातला होता, असे तिच्या घरचे सांगतात. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे मागणे काय होते, तर 2012चा नियम पाळा. पोटची लेकरे गेल्यावर, सात वर्षे जुना नियम पाळा हे सांगायला आयांना दिल्ली गाठावी लागते, आणि आपण कार्यशाळेत सहानुभूतीच्या स्लाइड दाखवता! ही सहानुभूती मेल्यावरच का जागी होते? जिवंतपणी शिष्यवृत्ती अडते, मार्गदर्शक मिळत नाही, पहिल्याच दिवशी प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारून जात ओळखून घेतली जाते, तेव्हा ती कुठे असते?

जानेवारी 2026मध्ये आयोगाने समतेचे नवे विनियम काढले. लगेच ओरड झाली की खोट्या तक्रारींचा पूर येईल. 29 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने या विनियमांना स्थगिती दिली आणि गाडी पुन्हा 2012वर आली. विनियमांतले शब्द मोघम असतील तर नेमके करावेत, त्याला कुणाचा विरोध असणार? पण खोट्या तक्रारीच्या भीतीचा हिशेब मात्र मांडून पाहावा. तक्रार करणाऱ्याचा प्रबंध, तोंडी परीक्षा, शिफारसपत्र, वसतिगृहातली खाट, सगळे ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्धच लिहायचे. असला जुगार गंमत म्हणून कोण खेळेल? दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो: नियमांनी मने बदलत नाहीत, आधी मने बदलू द्या. 2009मध्ये हिमाचलात अमन काचरूचा रॅगिंगमध्ये जीव गेला, तेव्हा याच आयोगाने मने बदलायची वाट पाहिली नाही. त्याच वर्षी विनियम आले, चोवीस तासांची हेल्पलाइन आली, विद्यार्थ्याकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्रे घेतली जाऊ लागली. रॅगिंग त्याने संपले नाही, पण ते होतच नाही असे म्हणायची सोय राहिली नाही. रॅगिंगच्या खोट्या तक्रारींच्या धसक्याने कुणी मोर्चे काढल्याचेही स्मरत नाही. म्हणजे कृती कशी करायची हे ठाऊक आहे. ती कुणासाठी करायची, एवढ्यावरच घोडे अडते.

एवढे लिहिल्यावर आपल्याकडे नीट पाहिले की राग थोडा ओसरतो. कारण समन्वयक म्हणून बहुधा विभागातला एखादा कनिष्ठ, आणि पुष्कळदा राखीव जागेवर लागलेला प्राध्यापक बसवलेला असतो. तास तेवढेच, निधी नाही, कारकून नाही, आणि ज्यांची चौकशी करायची त्यांच्याच सहीने आपली पदोन्नती व्हायची. आपल्यालाही कुणीतरी क्रमांक विचारला असेल. तेव्हा आपण कुठल्या कक्षात गेला होता? 'निरंक' लिहिताना आपला हात अडखळत असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

म्हणून मागणे लहान आहे. चौकशीत संस्थेबाहेरची माणसे घ्या आणि निकालाची मुदत फलकावर लावा, हे कुलगुरूंना सांगायचे. त्यासाठी वेगळे पत्र धाडतो आहे. आपण फक्त पुढच्या अहवालात एक रकाना वाढवा: किती जणांनी तोंडी सांगितले आणि लेखी द्यायला नकार दिला. तिथे खरा आकडा भरा.

कळावे,
आपला,
अहवालाचा एक वाचक