कोपऱ्यावरच्या घरातली दोन पोरं

अहो वहिनी, या ना जरा कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंकडची ती दोन पोरं पाहिलीत ना? भाचरं नाहीत हो ती. दूधवाला म्हणतो दत्तक घेतली, इस्त्रीवाली म्हणते कामाला ठेवली. म्हटलं, आपण सरळ बाईंनाच विचारावं.

तर ती संगोपनाला आणलीत. आई आहे त्यांना, पण दवाखान्यात पडून आहे. मागे बघणारं कुणी नाही. ती बरी होऊन घरी आली की पोरं परत तिच्याकडे. कुठल्या घरची, आजार कसला, ते काही सांगेनात. मी खोदून खोदून विचारलं हो! पोरांची ओळख फोडायची नाही असा कायदाच आहे म्हणे.

आणि वाटलं म्हणून आणली, असं नसतं ते. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, त्यातली ती बाल कल्याण समिती, एक अध्यक्ष नि चार सदस्य, तिचा आदेश लागतो. मागं ती फायलीवाली माणसं आली होती बघा, आपण जनगणनेची समजलो, ती घर बघायला आलेली! पोरं आली तरी दर महिन्याला तपासणी आहेच. माझ्या घरी असं कुणी दर महिन्याला डोकावलं असतं, तर मी पोरांच्या आधी पळाले असते.

एकट्या बाईला कशी दिली? मीही तेच विचारलं. २०२४ ला केंद्राचे नवे नियम आले, त्यात ३५ ते ६० वयाच्या एकट्या माणसालाही देतात. बाईंची पंचेचाळिशी नुकती झालीय, म्हणजे बसतातच की त्यात.

पैसे ना? मला वाटलंच तुम्ही तिथं येणार. बाल संगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये. पूर्वी ११०० होते. त्यात दूध, वह्या, रिक्षा, दवापाणी बसवून दाखवा मला. ती योजना तरी बहुतेक विधवा आईकडं नाहीतर आजीकडं राहणाऱ्या पोरांनाच मिळते. परक्याचं पोर घरात घेणारं माणूस मिळतंय कुठं? आपल्याला एकच प्रश्न येतो, दत्तक का नाही घेत? अहो, आई जिवंत आहे ना त्यांची!

बाईंचं मला काय पटलं सांगू? धाकटीचे केस कापायचे, तर आधी दवाखान्यात जाऊन तिच्या आईला विचारलं. पोरं दर रविवारी आईला भेटून येतात. परवा नळावर एका म्हातारीनं थोरल्याला विचारलं, "आता हीच का रे तुझी आई?" बाई तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी आई नाही, बाई आहे." पोरंही त्यांना बाईच म्हणतात. मला नसतं जमलं, वहिनी. मी आठवड्यात लळा लावून घेतला असता आणि परत द्यायच्या दिवशी भांडायला उभी राहिले असते.

आणि रागावू नका, पण काल तुम्ही डबा देताना "बिचारी पोरं" म्हणालात, ते थोरल्यानं ऐकलं. घास तसाच ठेवून उठला. डबा द्या, ते बिचारी-बिचारी नको.

तुमच्या नातवाची ती लहान सायकल जिन्याखाली गंजतेय ना? ती द्या बघू. पण हवा भरून द्या, नाहीतर दुकानापर्यंत ढकलत मलाच न्यावी लागेल.