उंच केलेल्या पिकअपच्या मालकास

श्रीयुत पिकअपवाले भाऊ यांस,

पत्रास कारण की, आपली जुनी पिकअप उंच झाल्याची वार्ता धुळ्यापासून जळगावपर्यंतच्या हमरस्त्यावर सर्वांना पोचली आहे. ज्यांना ती दिसली नाही त्यांना हॉर्नने कळवलं. ज्यांनी हॉर्नकडे दुर्लक्ष केलं त्यांचे डोळे टपावरच्या एलईडी पट्टीने उघडले, म्हणजे खरं तर मिटले. मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले, ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घातला, जाड दातांचे टायर चढवले आणि पंधरा वर्षं केळी, कापूस नि खताची पोती वाहून थकलेल्या गाडीच्या काचेवर 'ऑफ रोड' असं चिकटवलं. अभिनंदन. हॉर्न, दिवे आणि सायलेन्सर यांविषयी मला काही म्हणायचं नाही. त्यांना दाद कानाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी द्यावी. पुढच्या लोखंडी पिंजऱ्याविषयीही बोलत नाही. असे पिंजरे काढायला लावा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय २०१७च्या डिसेंबरातच राज्यांना सांगून मोकळं झालं आहे. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे, आणि ती म्हणजे उंची. ज्या कामासाठी आपण ती विकत घेतलीत, त्या कामाला ती उपयोगी पडत नाही. आणि बाकी जे काही करते ते घातक आहे.

आधी हिशेब मांडू, कारण मिस्तरीने आपल्याला फक्त बिल मांडून दिलेलं दिसतं. शिवारात गाडी कुठे टेकते? पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंच वरंबा उरतो. आपली चाकं चाकोरीत उतरली की त्या वरंब्यावर घासतं ते मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेलं डिफरन्शियलचं हाउसिंग. आता पाटे वाढवून नि ठोकळे घालून काय वर गेलं? चेसिस गेली, केबिन गेली, हौदा गेला, आपली मान गेली. ॲक्सल मात्र चाकांच्या मधोमध होता तिथेच राहिला, कारण तो चाकांना जोडलेला आहे, आपल्या हौसेला नाही. त्याला वर नेण्याचा मार्ग एकच, मोठं टायर. तेही किती? २१५/७५ आर १५ मापाच्या टायरची उंची सुमारे ७०४ मिलिमीटर भरते आणि २३५/७५ आर १५ ची सुमारे ७३४. फरक ३० मिलिमीटर, आणि ॲक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड सेंटिमीटर. थेट ३१ इंची टायर लावलं तरी ॲक्सल जेमतेम चार सेंटिमीटर चढतो. त्या बदल्यात स्पीडोमीटर जवळजवळ अकरा टक्के कमी वेग दाखवू लागतो (काटा साठावर असताना गाडी सदुसष्टने पळत असते) आणि जुन्या इंजिनाला मोठं चाक फिरवावं लागतं. नाल्यात उतरताना आता पुढचा बंपर टेकत नाही, असं आपण म्हणाल. मान्य. पण खानदेशातल्या किती गाड्या बंपर टेकल्याने अडकतात आणि किती चिखलात रुतून, हे कुठल्याही टोचनवाल्या ट्रॅक्टरला विचारून पाहावं.

रुतण्याचंच बोलू. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते, चिकट होते आणि टायरच्या दातांत भरून बसते. दोन फेऱ्यांत आपलं महागडं टायर गुळगुळीत मातीचा रूळ होतं. अशा जमिनीत गाडी बाहेर काढायची तर चारही चाकं जमिनीला लागलेली हवीत, त्यासाठी पाट्यांना लवचीकपणा हवा. आपण पाटे वाढवून मागचा भाग ताठ केलात. ताठ गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की समोरच्या कोपऱ्यातलं चाक हलकं होतं, कधी चक्क अधांतरी लोंबतं. आपली पिकअप मागच्या दोन चाकांवर चालणारी आणि डिफरन्शियल साधं, तेव्हा ज्या चाकाला अडवणारं काही नाही तेच आनंदाने फिरत राहतं. जमिनीवरचं चाक नुसतं पाहत बसतं. म्हणजे पैसे खर्चून आपण ती अडकण्याची सोय केलीत. रिकाम्या गाडीत तर मागे वजनच नसतं, त्यामुळे ताठ पाट्यांवर ती उड्या मारते. आणि भरलेल्या गाडीत काय होतं, ते रावेर-यावलच्या केळीला विचारा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनाने घडाची साल जाड झालेली नाही. हौद्यातला प्रत्येक धक्का फळावर उमटतो, गाडीतून उतरवताना न दिसणारा मार पिकताना काळा डाग होऊन वर येतो आणि व्यापारी त्या डागाचे पैसे कापतो. पाटा वाढवला म्हणजे माल जास्त बसला, या हिशेबात हा कापलेला भाव धरलेला नसतो. गुडघे गेलेल्या माणसाला उंच टाचेचे बूट घालून डोंगरावर पाठवावं, तसला हा उपचार आहे.

आता घातकपणाचं. गाडी उलटेल की नाही हे दोन मापं ठरवतात: चाकांमधलं अंतर आणि भाराचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. चाकांतलं अंतर १४० सेंटिमीटर आणि भरलेल्या गाडीच्या भाराचा मध्य १०० सेंटिमीटरवर धरला, तर कागदावर ती साधारण ३५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभी राहते. हौदा १५ सेंटिमीटर वर गेला की हा कोन ३१ वर येतो. पाटे एका बाजूला दबतात, माल सरकतो, चाक खड्ड्यात जातं, म्हणून प्रत्यक्षात तो त्याहूनही बराच कमी. ब्रेकचं तर आपल्या मिस्तरीने नावच काढलं नसेल. पुष्कळ पिकअपांना मागे एक व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि चेसिस यांच्यातलं अंतर पाहून तो ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेकचा जोर पाठवतो. आपण ते अंतर कायमचं वाढवलंत. आता कन्नडहून दीड टन माल भरून चाळीसगावकडे घाट उतरताना ब्रेक दाबला, तर त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्यांवर येतो, ते तापतात. ब्रेकचा रबरी होज ताणला गेला असेल, शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरून झिजत असतील, ते वेगळंच.

आणि त्या हौद्यात मालाशिवाय आणखी कोण बसतं? फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेली गाडी रात्री उलटली आणि रावेर भागात घरी परतणारे १५ मजूर मेले. ती गाडी कुणी उंच केली होती असं मी म्हणत नाही. पण भरलेली गाडी उलटते तेव्हा काय होतं हे खानदेशाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून आपण कापूस वेचायला जाणाऱ्या बायका-पोरांना ज्या हौद्यात उभं करता तो आणखी वर चढवला. फाळक्याला धरून उभ्या असलेल्या माणसाला ना पट्टा, ना छप्पर. इथे मला विनोद सुचत नाही. आपल्या हौसेची किंमत आपणच भरत असतात तर हे पत्र लिहिलं नसतं. ती दुसरा भरतो, आणि त्याची कमाई रोजंदारीची असते.

'फौजेच्या जीप उंच नव्हत्या का,' असा एक सवाल हमखास येतो. नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिची जुळणी महिंद्राने पुढे आपल्याकडे सुरू केली, ती आखूड, हलकी आणि ठेंगणी गाडी होती. ती कुठेही जायची ते चारही चाकांना जोर मिळत असल्यामुळे आणि वजन कमी असल्यामुळे. आपण दोन चाकांवर चालणारी, लांब, जड, मागे हौदा ओढणारी गाडी घेतलीत आणि जीपकडून नेमकी तीच गोष्ट उचललीत जी तिच्यापाशी नव्हती. दुसरा सवाल कायद्याचा: 'गाडी माझी, मी काहीही करीन.' मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तसं म्हणत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. रंगासारख्या किरकोळ गोष्टी सोडून. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. पाटे, ठोकळे, टायर, पिंजरा असं मोजत गेलो तर आपली रक्कम बरी होते. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग, आणि पासिंगच्या आदल्या दिवशी जुने टायर परत चढवायचा नि ठोकळे काढायचा जो सोहळा गावोगाव होतो, त्यावर मी काही बोलत नाही. एवढंच म्हणतो की ठोकळे एका दिवसासाठी काढता येतात तर कायमचेही काढता येतील. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी कारण शोधतेच. आपण ते टपावर दिवे लावून दाखवता आहात.

तिसरा सवाल मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर देताना माझा सूर उतरतो. 'आमच्या शेताला रस्ताच नाही, मग गाडी उंच करू नको तर काय करू?' भाऊ, बरोबर आहे. शेतात जायला वाट मिळण्याचा हक्क काही आज निघालेला नाही. वाट अडवली तर अडथळा काढून घ्यायचा अधिकार १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमात आहे, बांधावरून वाट मागायचा अधिकार १९६६च्या महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि २०२१ साली 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आली, जी रोजगार हमीच्या पैशातून शिवाररस्ते करायची होती. एवढे कायदे नि एवढ्या योजना असूनही जुलैत शेतातून घड काढायचा तर तुम्हाला मिस्तरीकडे जावं लागतं! रस्त्याचं काम पाट्याने करायचं, आणि पाटा वाढवला म्हणून दंड पुन्हा तुम्हीच भरायचा, यात लाज वाटायला हवी ती तुम्हाला नाही. रस्ता नाही म्हणून चेसिसखाली ठोकळा घालणाऱ्या माणसावर हसणं सोपं आहे. त्याच्या बांधापर्यंत मुरूम नेऊन टाकणं अवघड आहे, म्हणून हसणारे जास्त भेटतात. तहसील कचेरीतल्या ज्या टेबलावर रस्त्याचा अर्ज पडून राहतो, ते टेबल उचलून त्या चाकोरीत ठेवावं आणि पावसाळाभर तिथूनच कामकाज चालवावं, अशी माझी नम्र सूचना आहे. पण एवढं सगळं खरं असलं तरी एक गोष्ट बदलत नाही: आपण उंच केलं ते हौद्याला, आणि चिखलात टेकतं ते हाउसिंग. रस्त्याच्या नावाने राग खरा, पण ठोकळा तरीही चुकीच्या जागी आहे.

तेव्हा जुन्या पिकअपने शिवारात फिरायचं असेल तर पैसे कुठे जायला हवेत ते सांगतो. सगळंच स्वस्त नाही, पण पैसा निदान योग्य जागी जाईल. आधी गाडी खड्ड्यावर घेऊन चेसिस बघा. मागच्या शॅकलच्या आसपास आणि क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यांत गंज खोलवर गेलेला असेल तर वरून पत्रा ठोकून रंग मारू नका, कापून नवा तुकडा जोडा. पाटे वाढवू नका, दमलेले आणि तुटलेले बदला. बुश आणि शॉकअप नवे घाला. बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, ब्रेक लायनर, ब्रेकचं ऑइल यांत कंजूषी नको. हवेच असतील तर मागे जाड दातांचे दोन टायर मूळ मापातच मिळतात. चिखलात शिरण्याआधी रिकाम्या गाडीची हवा कमी करा, बाहेर आल्यावर पंपाने भरा. रिकाम्या हौद्यात ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची दोन-तीन पोती ठेवा, म्हणजे मागच्या चाकांना जमीन धरता येईल. एक फावडं, एक जाड दोर आणि दोन मजबूत फळ्या हौद्यात असू द्या. पांझरा किंवा अनेरचं पाणी फरशीवरून वाहत असेल तर तेव्हा गाडी काढूच नका, ती कितीही उंच असो.

आपला,
चाकोरीतला एक शेजारी

ता. क. — पाण्यातून जाऊन आलात की डिफरन्शियलचा ऑइलचा बोल्ट सोडून बघा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे: तापलेलं हाउसिंग गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ते सीलमधून पाणी ओढून घेतं. हाउसिंगवरच्या हवेच्या छिद्राला, म्हणजे ब्रीदरला, हातभर रबरी नळी लावून तिचं तोंड हौद्याखाली चेसिसला उंच बांधून टाका. उंच करण्यासारखी एवढी एकच गोष्ट आपल्या मिस्तरीने नेमकी खाली ठेवली आहे.