लेथकाका

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली एक लांबट वस्तू झाकलेली असते. ती लँब्रेटा नसेल तर लेथ समजावा. आणि शेजारी बर्म्युडावर कंपनीचे सेफ्टी शूज घातलेले गृहस्थ उकिडवे बसलेले दिसले, तर ते लेथकाका. उभी नोकरी टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर लाकडात काहीतरी करायचं ठरलं: वाडगे, फुलदाण्या, नातवाला भोवरा. नवा लेथ घेतला असता तर शनिवारी आणून रविवारी भोवरा फिरला असता. म्हणून काकांनी जुना घेतला.

जुना लेथ किलोवर मिळतो, जुन्या बाजारात नाहीतर भोसरीच्या भंगारवाल्याकडे. काका तिथे आधी भाव विचारत नाहीत, बेडवर हातोडीने टकटक करतात. बीड खणखणीत वाजलं तर शाबूत, भद्द वाजलं तर आत तडा. गिऱ्हाईक जाणकार आहे हे ओळखून भंगारवाला लगेच भाव वाढवतो. मोटर जळालेली, टेलस्टॉकचं चाक गायब, नावाची पट्टी कुणीतरी आधीच उचकटून नेलेली, असा तो ऐवज टेम्पोतून उतरतो आणि काका काकूंना सांगतात, "फारसं काम नाहीये."

मग गंज. गंजावर दुकानात हजार रसायनं मिळतात, पण काकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की काकवी पाण्यात मिसळून त्यात लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो. सुटतो खरा, पण सावकाश. कोल्हापूरहून आलेली बरणी बादलीत जाते, टूलरेस्ट आठवडेच्या आठवडे त्यात मुरतो आणि सोसायटीतल्या यच्चयावत मुंग्या पार्किंगमध्ये स्थलांतरित होतात. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तर काका त्यांना बादलीत हात घालून बघायला सांगतात.

इथवर झाली ती दुरुस्ती. खरा आजार पुढे आहे, त्याला अपग्रेड म्हणतात. जुन्या स्पिंडलला व्हाइट मेटलचे बुश असतात, ते काढून बॉल बेअरिंग बसवायची. स्पिंडलच्या तोंडाशी मोर्स टेपर एक नंबरचा निघतो आणि आताचं बहुतेक सामान दोन नंबरचं. हा टेपर एकोणिसाव्या शतकातल्या स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन माणसाचा. फुटाला साधारण पाच सूत उतार, बस्स. नट नाही, स्क्रू नाही. नुसतं आत सारलं की घर्षणाने घट्ट बसतं. काका हे जिन्यात भेटेल त्याला सांगतात, दूधवाल्यालाही. नवा स्पिंडल करायचा तर लोखंडाचा लेथ हवा. तोही काकांनी मिळवला. तोही जुना, तोही नादुरुस्त. आता पार्किंगमध्ये ताडपत्र्या दोन आहेत आणि पहिल्याचं काम दुसऱ्यासाठी अडलेलं आहे.

मोटरचं प्रकरण वेगळंच. सिंगल फेजची साधी मोटर चालली असती. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकला की वेग बदलतो, आणि जगभरच्या लाकूडकातणाऱ्यांनी तेवढ्यावर पिढ्या काढल्या. काकांनी थ्री फेजची मोटर आणली, तिचं स्टारचं डेल्टा केलं आणि घरच्या विजेवर चालावी म्हणून व्हीएफडी बसवला. आता बटण फिरवलं की वेग शून्यापासून हवा तिथे. लेथवर अजून लाकूड चढलेलं नाही, पण वेग अप्रतिम बदलतो. तळमजल्यावरच्या आजींच्या रेडिओत तेव्हापासून खरखर येते. काका म्हणाले, फिल्टर टाकू. तोही आता अपग्रेडच्या यादीत आहे.

काकांचा मूळ प्रश्न मापाचा आहे. सुतार सुतात मोजतो, काका मायक्रॉनमध्ये, आणि एका सुतात तीन हजारांवर मायक्रॉन मावतात. डायल गेज लावून स्पिंडल हाताने फिरवत, काटा किती हलतो, म्हणजे रनआउट किती, ते बघत काका संध्याकाळ घालवतात. पावसाळ्यात तेच लाकूड काकांच्या सगळ्या मायक्रॉनहून जास्त फुगणार आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितलं तर ते हायग्रोमीटर आणतील.

मध्ये काका-काकू सावंतवाडीला गेले होते. चितारआळीत काकू लाकडी आंबे-केळी बघत होत्या, काका थेट मागे, जिथे कातकाम चालतं तिथे. त्या कारागिराची मोटर पाटाला ठोकलेली, पट्टा जुनाट, बेअरिंगचा खडखडाट. काकांनी त्याला सेंटर आऊट असल्याचं सविस्तर समजावलं. तोवर त्याचा भोवरा कातून, लाख चढवून झाला होता. तो त्याने काकांच्या हातावर ठेवला. काकांनी घरी येऊन भोवऱ्याचा रनआउट मोजला आणि समाधानाने मान हलवली: वाईट आहे.

काकूंनी लाटणं मागितलं होतं, ही जुनी गोष्ट. "आधी रनआउट काढू दे," यावर काकूंनी तुळशीबागेतून आणलं. काकांनी ते दोन सेंटरमध्ये धरून जाहीर केलं की हे अर्धा मिलिमीटर वाकडं आहे, याने पोळी गोल होणं शक्य नाही. काकूंची पोळी गोल होते. काका ती खातात आणि गप्प बसतात.

तरी माझं मत काकांच्या बाजूचं आहे. सोसायटीचा पंप रात्री अडला की धावून येणारा हा एकमेव सभासद. बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखतो, पैसे घेत नाही. फक्त पंप चालू झाल्यावर त्याला लगेच जिन्याकडे न्यावं लागतं, नाहीतर तो पंप अपग्रेड करायला घेतो आणि मग दोन दिवस टँकर. लेथ पूर्ण झाला तर काका खरोखरचे निवृत्त होतील. हे काकूंना ठाऊक आहे. म्हणून त्या आजकाल लाटण्याचा विषय काढत नाहीत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, आजोबांच्या बंद कारखान्यात एखादा जुना टेलस्टॉक पडला असेल तर भंगारात घालू नका, काकांना द्या. मात्र मोर्स टेपर दोन नंबरचा असेल तरच. एक नंबरचे आमच्याकडे तीन झाले आहेत.