घोडे तितकेच, सारथी निराळे

2002 सालची फियाट पॅलिओ जीटीएक्स आणि 2014 सालची फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय या दोन वापरलेल्या मोटारी दलालाच्या आवारात शेजारी उभ्या दिसताच, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने ज्या विवेकाने काढता पाय घ्यावा, त्या विवेकास मी खुशाल रजा दिली. एकीचा जन्म कुर्ल्याचा, दुसरीचा चाकणचा. म्हणजे मुंबई-पुण्याचा सनातन वाद येथेही होताच. त्यातून जुनीच्या जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर झळकलेला, तेव्हा तिच्या कुलीनतेविषयी शंका घेण्याची कोणा मराठी माणसाची प्राज्ञा नव्हती.

जुनीचे इंजिन 1.6 लिटरचे, नवीचे अवघे 1.2 लिटरचे, परंतु धुरांड्यावाटे वाया जाणाऱ्या वायूच्याच जोरावर टर्बो फिरवून व सिलिंडरात जास्तीची हवा कोंबून नवीने त्या तुटपुंज्या भांडवलावर 105 अश्वशक्तीची मजल मारलेली, तर जुनीची सुमारे 100, म्हणजे एका तपाच्या प्रगतीने घोडे जेमतेम वाढले, तबेला मात्र लहान झाला.

खरा भेद कळला तो कात्रजच्या जुन्या घाटात. पॅलिओ प्रत्येक वळणावर नेमका गिअर मागते, आणि क्लच व अ‍ॅक्सिलरेटर यांचा मेळ चुकलाच तर साऱ्या घाटास ऐकू जाईल अशी फिर्याद करते. पण तो जमला की तिच्या सोळा व्हॉल्व्हांतून जो हुंकार उठतो, तो ऐकून आपण थोर सारथी असल्याचा गोड गैरसमज निदान पुढच्या वळणापर्यंत टिकतो. पोलोच्या सात गिअरांचा कारभार दोन क्लचांच्या स्वयंचलित पेटीकडे असून, मी हुकूम सोडण्यापूर्वीच ती अंमलबजावणी करून मोकळी होते. माझा अधिकार पेन्शनीत निघालेल्या मामलेदाराइतकाच उरतो.

जुनीची पेट्रोलची तहान सर्वश्रुत आहे. त्यावर अधिक शब्द खर्चणेही मला परवडणारे नाही. पंधरा वर्षे उलटल्यामुळे तिला दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगसाठी हजेरी लावावी लागते व पर्यावरण करही भरावा लागतो, तो निराळाच. मात्र तिचे बॉनेट उघडून आमचे मिस्त्री नुसता कान लावतात आणि दहाचा पाना हाती घेण्यापूर्वीच निदान सांगतात. नवीला स्कॅनर जोडून, तो जो आकडा दाखवील त्यापुढे मान तुकवावी लागते.

माझा निवाडा असा : कचेरीस वेळेवर पोहोचावयाचे असेल त्याने पोलो घ्यावी, कचेरीचे निमित्त करून घाटात जावयाचे असेल त्याने पॅलिओ. फक्त सौद्यापूर्वी गाडीच्या वयाबरोबर मिस्त्रींचेही वय विचारून घ्यावे. आमचे मिस्त्री येत्या दिवाळीनंतर कायमचे चिपळूणला जाणार आहेत.