शंभर वॅटचा माणूस

दिवाळीचे डबे घासून माळ्यावर गेले की आमच्या धाराशिवात दोन पाहुणे हमखास येतात. एक थंडी आणि दुसरे गुरुजी. त्यातली थंडी निदान सकाळी दहाला निघून जाते.

गुरुजींना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात ते कदाचित मोबाइल घेताना सोबत येत असतील, किंवा दुसऱ्याच्या सोयरिकीत मुलाचा पगार विचारत असतील. आमचे गुरुजी हीटरचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारा जन्म विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आणि वर्ग हातचा गेल्यामुळे आता आम्हाला शिकवतात. यंदा एखादा हीटर घ्यावा म्हणतो, असं मी भर रस्त्यात कुणाशी तरी बोललो. दुसऱ्या दिवशी उजाडायला गुरुजी दारात. कानाला मफलर, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हातात मोजपट्टी.

"हीटर घेऊलालाव म्हणं?"

"हो, थंडीनं आईचे हात आखडतात, म्हणून..."

"खोली केवढी हाय?"

उत्तराची वाट न पाहता ते आईच्या खोलीत शिरले. "बसा बसा, मावशी, उठू नका," म्हणत पलंगाखालून मोजपट्टी सरकवली. (आई गोधडीत झोपलेली होती. ती उठणारही नव्हती आणि बसणारही नव्हती.) दहा बाय बारा. वर स्लॅब. खिडकीची एक काच फुटलेली, तिथं पुठ्ठा. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी वळून विचारलं, "घरात माणसं किती?"

मला वाटलं जनगणना निघाली. "चार."

"मग चारशे वॅट तुमच्यापाशी आधीच हायत की."

स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. झोपलेला जरा कमी, सत्तर-ऐंशी. हे खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की गुरुजींना आता माणसं दिसतच नाहीत, वॅट दिसतात. पहाटेच्या तुळजापूर एसटीत ते उभे राहून सांगतात, "पन्नास शिटा म्हणजे पाच हजार वॅट. खिडक्या लावा, ऊब बाहेर चाललीय." खिडक्या लागत नाहीत, त्या एसटीच्या आहेत. पण आख्खी गाडी पुढची दहा मिनिटं काचा ओढत बसते. कुणाकडं बारसं झालं की "पाळण्यातलं कमी वॅटचं धरा, पण वाढतंय." आमच्या गल्लीतले एक आजोबा गेले, तेव्हा गुरुजी भेटायला गेले आणि खिन्नपणे म्हणाले, "घरातले शंभर गेले." त्या घरच्या थोरल्या सुनेनं उशीखाली, फडताळात, सगळीकडं हात घालून पाहिला.

2020 च्या जानेवारीत इथं 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आम्ही साहित्यिक पाहायला गेलो, गुरुजी मंडपाचा भार काढायला. परिसंवाद चालू असताना मागच्या रांगेत बसून त्यांनी डोकी मोजली, वहीत आकडा मांडला आणि माझ्याकडं सरकवला. त्यात दोन रकाने होते. जागे, प्रत्येकी 100. झोपलेले, प्रत्येकी 70. दुसऱ्या रकान्याची बेरीज मोठी होती. मराठी परिसंवादाची इतकी नेमकी समीक्षा मी नंतर कुठं वाचलेली नाही.

तर हीटर. दुकानात गुरुजी सोबत आले, म्हणजे पुढं होते ते, सोबत मी गेलो. दुकानदारानं पंख्याचा हीटर काढला, रॉडचा काढला, मग आतून ढकलत तेलाचा आणला. "हा घ्या साहेब, ऑइलचा. गरम लई करतोय आन् लाईट कमी खातोय."

गुरुजींनी मफलर सोडला. हा माणूस मफलर सोडतो तेव्हा तास सुरू झालेला असतो.

"दोन हजार वॅटचा कसलाबी घ्या. आत तेल असू दे, रॉड असू दे, पंखा असू दे. तासाला दोन युनिट खाणार आन् दोन हजारच देणार. जास्त देतो म्हणणारानं मला लिहून द्यावं." दुकानदारानं लिहून दिलं नाही. फरक आहे तो ऊब देण्याच्या तऱ्हेत. रॉडवाला समोर बसणाऱ्याला शेकतो. सरकलात की गार. पंखेवाला हवा लवकर तापवतो, पण गुरगुरतो. तेलाचा सावकाश तापतो, आवाज नाही, उजेड नाही, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो. म्हाताऱ्या माणसाच्या निजायच्या खोलीला तोच बरा, फक्त जड आणि महाग. एवढं दोन मिनिटांचं काम. गुरुजींनी त्याला पाऊण तास लावला, कारण मध्ये प्लगचा धडा आला. "साधा प्लग सहा अँपियरचा. गुणिले 230. किती झाले?" त्यांनी बोट रोखलं ते मिक्सर घ्यायला आलेल्या एका बाईंकडं. बाई घाबरून म्हणाल्या, "तेराशे ऐंशी." बरोबर होतं. "शाब्बास. त्याच्यावर दोन हजाराचा हीटर लावला तर आधी प्लग तापंल, मग खोली. सोळा अँपियरचा पॉवर प्लग पायजे. एक्स्टेन्शन बोर्ड तर लावूच नका. न्हाणीत न्यायचा न्हाई, त्याच्यावर कपडे वाळवायचे न्हाईत." मग कोळशाच्या शेगडीचा धडा. हा मात्र ते हसत सांगत नाहीत. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला कळत नाही. तेवढा वेळ दुकान शांत होतं.

तास संपेपर्यंत मिक्सरवाल्या बाई आणि आणखी दोघं निघून गेले होते. "तीनशे वॅट गेले, गुरुजी," दुकानदार म्हणाला. ही लागण अशी पसरते.

"मग शेवटी कोणता घेऊ?" मी विचारलं.

"आधी खिडकीला काच बसवा. पुठ्ठ्यातनं ऊब जाऊलालीय आन् तुम्ही हीटर बघूलालाव."

आम्ही हीटर आणायला गेलो आणि काच घेऊन आलो. चिडचिड याची की त्या रात्री खोली खरंच उबदार राहिली.

पण आईच्या हातांचा प्रश्न होताच. पुण्याहून पुतणीनं हात शेकायचं चार्जिंगचं यंत्र पाठवलं, मुठीत मावणारं, गुलाबी. गुरुजींनी ते उलटं करून बारीक अक्षरं वाचली. "पाच हजार मिलिअँपियर-तास, 3.7 व्होल्ट. म्हणजे साडेअठरा वॅट-तास." डोळे मिटले, उघडले. "माणूस एवढं अकरा मिनिटांत देतो. मावशीचा हात धरून अकरा मिनिटं बसा. फुकट."

मीही विज्ञान शिकलोय. म्हटलं, "गुरुजी, शंभर वॅट सगळ्या अंगाचे. हातातून हातात कितीसे जाणार? दोन-चार."

"मग जास्त वेळ बसा."

लडाखला जाऊन आलेल्या भाच्यानं उरलेली गरम पाकिटं दिली, तीही गुरुजींच्या हाती लागली. त्यांनी एक कातरून ताटलीत ओतलं आणि वर लोहचुंबक फिरवलं. काळी पूड उभी राहिली. लोखंडाचा कीस, मीठ, कोळशाची पूड, थोडं पाणी. पाकीट फोडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना तापतं. काही तास ऊब पुरते. "गंज विकूलालेत, बगा, गंज!" गुरुजी हरखून गेले. मग काश्मिरातल्या फेरनच्या आतली कांगडी निघाली, मग 1923 साली जपानात निघालेली डबी, जी प्लॅटिनमच्या आधारानं बेंझिन ज्वाळेशिवाय जाळते. आई मधूनच म्हणाली, "ताटली जेवणाची हाय."

उरलेली पाकिटं ते धाकट्या भावासाठी मागून घेऊन गेले. चार दिवसांनी परत आणून दिली. "चालली न्हाईत."

गुरुजींचा भाऊ शेती करतो. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतीची लाईट पाळीनं येते, आणि पाळी रात्रीची असली की रात्री दोनला उठून स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे. पारा दहा-बारावर उतरलेला, पाइपातलं पाणी अंगावर, चिखल घोट्यापर्यंत. "ओल्या हातात पाकिटाला हवा लागत न्हाई. हवा न्हाई तर गंज न्हाई, गंज न्हाई तर ऊब न्हाई," गुरुजी म्हणाले. बांधावर तुराट्या पेटवून हात शेकणं एवढाच त्याच्यापाशी हीटर. यावर गुरुजींनी एका कचेरीत रीतसर अर्ज दिला, की शेतीला दिवसा वीज दिल्यास तो जिल्ह्यातला सर्वांत स्वस्त हँड वॉर्मर ठरेल. सोबत हिशोब जोडला आहे. उत्तर आलं. घरगुती हीटरसाठी वाढीव भार हवा असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा. ते पत्र त्यांनी जपून ठेवलंय. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका समजून त्यावर लाल पेनानं शून्य दिलंय.

वॅटचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं, येळवसेच्या दिवशी, शेतात. कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली होती, भज्जी आणि आंबील पोटात गेली होती, आणि गुरुजी तुरीच्या सावलीत जमलेल्या मंडळींची बेरीज करत हिंडत होते. त्यांचं जुनं घर सास्तूरच्या बाजूला. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद. दिवसाचं ऊन त्या भिंतींत मुरायचं आणि रात्री घरात उतरायचं. अकरा माणसं एका सोप्यात ओळीनं निजायची, पांघरुणं सहा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. आख्खा मुलूख त्या दगडमातीखाली गेला. त्या पहाटेबद्दल काकू एवढंच बोलल्या की आमची माणसं वाचली. त्यानंतर माळवदाखाली निजायची कुणाची छाती झाली नाही. पातळ भिंतींची नवी घरं आली, भाऊ वेगळे राहिले, पोरं पुण्याला गेली. "आता आम्ही दोघंच," काकू म्हणाल्या, "ते रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणत्यात, अकराशेचं घर होतं गं, दोनशेवर आलं."

मी आंबिलीचा दुसरा तांब्या भरून घेतला. या माणसाचा राग सोयीनं करता येईना, ही मोठी अडचण झाली.

त्यात भर म्हणजे पौष लागल्यापासून ते दोघं रोज संध्याकाळी आमच्याकडं येऊ लागले. सात वाजले की आई आतून ओरडायची, "दोनशे वॅट आले, चहा ठेवा!" माझ्या बातम्या गेल्या, बायकोची मालिका गेली. गुरुजी मला हीटरचा थर्मोस्टॅट समजावत, जो हीटर आम्ही अजून घेतलेलाच नव्हता, आणि काकू आईच्या पलंगावर बसून तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन तेरच्या गोरोबाकाकांच्या यात्रेपासून कुणाच्या सुनेपर्यंत बोलत. अकरा मिनिटांचा हिशोब केव्हाच मागं पडला होता. थंडी भर जोरात असताना बायको एकदाच म्हणाली, "हीटर राहिलाच की." आई म्हणाली, "कुणाला पायजे?"

शिवरात्र झाली, थंडी गेली, आणि गुरुजी यायचे थांबले. रस्त्यात भेटले तेव्हा म्हटलं, येत नाही हल्ली. ते गंभीरपणे म्हणाले, "आता न्हाई यायचं. उन्हाळ्यात माणूस म्हणजे लोड. तुम्ही चार, आम्ही दोन, सहाशे वॅट. कूलरनं किती वढायचं?" हिशोब बिनचूक होता. आम्ही पहिला आठवडाभर निवांत बातम्या पाहिल्या, मालिका पाहिली. आठव्या दिवशी सात वाजता आईनं आतून विचारलं, चहा का ठेवला नाही. कुणीच काही बोललं नाही.

बायकोनं फोन उचलला. "गुरुजी, कूलर घ्यावा म्हणतोय. कोणता घ्यावा, काही कळंना बघा. येताव का जरा? काकूंनाबी आणा."

कूलर आमच्याकडं आहे. चांगला मोठा, मागच्या साली घेतलेला. तिनं फोन ठेवला, त्याचं बटण बंद केलं आणि त्याच्यावर एक सोलापुरी चादर टाकली.