एकशे तेवीस मीटरचा शेजार

सुखना अभयारण्यातल्या सांबराला चंडीगड कुठे संपतं आणि पंजाब कुठे सुरू होतो हे कळत नाही, ही त्याची मोठीच अडचण. चंडीगडच्या बाजूला अभयारण्याभोवतीचा, बांधकामावर बंधनं असलेला पर्यावरण-संवेदनशील पट्टा २ ते २.७५ किलोमीटर, २०१७ मध्ये केंद्राने तशी अधिसूचनाच काढली. पंजाबने आपल्या बाजूला सुचवला १०० मीटर. उसेन बोल्ट दहा सेकंदांच्या आत पार करेल एवढा.

शंभरच का? तर पंजाबच्या हद्दीतल्या कांसल गावात सुमारे ५३ एकरांवर टाटा हाउसिंगचे ‘कॅमलॉट’ नावाचे उंच टॉवर उभे राहायचे होते आणि अभयारण्याच्या हद्दीपासून त्यांचं अंतर होतं १२३ मीटर. या दोन आकड्यांत काही नातं दिसतंय म्हणणारा माणूस संशयी स्वभावाचा! जमीन मूळची आमदारांच्या गृहनिर्माण संस्थेची. फ्लॅट मिळणाऱ्यांत ९५ आमदार. कुंपण शेत खातं हे ऐकून होतो. इथे कुंपणाने आधी टेप धरून मोजणीही करून घेतली.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये प्रकल्पाला लाल दिवा दाखवला, ५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयालाही या सगळ्यात मनमानीचा वास आला. मंजुऱ्या रद्द झाल्या.

पण कागद? कागद चोख असणार. आपल्याकडे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तयार करणारा सल्लागार नेमते कंपनी आणि त्याचं बिलही भरते कंपनीच. म्हणजे परीक्षार्थीनेच परीक्षक नेमायचा, वर चहापाणीही बघायचं. मग अहवालात पक्षी ‘आढळले नाहीत’ आणि झाडं ‘दुसरीकडे लावली जातील’. कुठे, ते विचारू नये.

ठरवलं तर जमतं, हेही सांगायला हवं. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखालून जनावरांसाठी नऊ वाटा काढल्या आहेत, त्यांतली सर्वात लांब ७५० मीटरची. कॅमेरे लावले तर वाघ, रानकुत्रे, चितळ असे १८ जातींचे वन्यप्राणी खालून ये-जा करताना टिपले गेले. वरून ट्रक, खालून वाघ, कुणाची कुणाशी गाठ नाही. आज जो तो या वाटांचे फोटो मिरवतो. त्या निघाल्या त्या मात्र वन्यजीवप्रेमी कोर्टाची पायरी चढल्यावर आणि खर्चावरून बरीच घासाघीस झाल्यावर, हे फोटोखाली कुणी लिहीत नाही.

सुखनाची गोष्ट पुढे आहे. २ मार्च २०२० रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलावाला चक्क जिवंत व्यक्ती ठरवलं. ल कॉर्बुझिएने आखलेल्या चंडीगडसाठी १९५८ मध्ये शिवालिकमधून येणारा ओढा अडवून केलेला हा तलाव, त्याला साठी उलटल्यावर माणसाचे हक्क मिळाले. त्याच आदेशात पाणलोटातली बेकायदा बांधकामं पाडायलाही सांगितलं. त्यामुळे धाबं दणाणलं ते टॉवरवाल्यांचं नव्हे, आजूबाजूच्या गावांतल्या छोट्या घरांचं.

कंपनी तर कायद्याने आधीपासूनच व्यक्ती. आता तलावही व्यक्ती. म्हणजे यापुढे दोघं कोर्टात समोरासमोर उभे राहू शकतात, अगदी बरोबरीने. वकिलांच्या फीचं तेवढं तलावाने बघावं.